वंदना घ्यायची, पण मागायचं काय?

बुद्धविहारात पहिल्यांदा आलेला माणूस लगेच ओळखू येतो. चपला काढता काढता तो दारावर घंटा दिसते का ते बघतो. मूर्तीसमोर हात जोडतो, डोळे मिटतो, ओठ हलायला लागतात. आणि निघताना उजवा तळहात आपोआप पुढे येतो, प्रसादासाठी. माझाही आला होता. शेजारच्या आजी हसल्या आणि म्हणाल्या, "खीर पौर्णिमेला असते रे बाळा. आज नुसती वंदना. बस खाली."

आता मीच रविवारी नव्या लोकांना वंदना शिकवतो. त्यांचा पहिला प्रश्न गाथांचा नसतोच. थोडं घुटमळून, आवाज खाली आणून ते विचारतात, "पण मनात काय म्हणायचं?" म्हणजे, मागायचं काय? आयुष्यभर हात जोडले की काहीतरी मागायची सवय. नोकरी, पोरीचं लग्न, आईचं दुखणं. इथे हात जोडायचे आणि मागायचं नाही, तर मग हात जोडायचेच कशाला?

महाराष्ट्रातल्या विहारांत आणि घरांत जी पाली वंदना म्हणतात तिच्या क्रमाने हे उलगडतो. गाथांची पुस्तिका कुठल्याही विहाराबाहेरच्या स्टॉलवर मिळेल, तेव्हा सगळ्या गाथा इथे लिहीत बसत नाही.

सुरू करण्याआधी: दगड आणि तूप

संयुत्तनिकाय या बुद्धवचनांच्या पाली संग्रहात एक प्रसंग आहे. नालंदेजवळ पावारिकाच्या आमराईत असिबंधकपुत्र नावाचा एक गावप्रमुख बुद्धांकडे येतो. तो म्हणतो, काही ब्राह्मण मेलेल्या माणसाला मंत्र म्हणून स्वर्गात पाठवतात म्हणे, तुम्ही सगळ्या जगाला नाही का पाठवू शकत? बुद्ध उलट विचारतात: एखाद्याने खोल डोहात मोठा दगड टाकला, मग गाव गोळा झालं, हात जोडून प्रदक्षिणा घालत "वर ये रे दगडा, तरंग" अशी विनवणी करू लागलं, तर दगड वर येईल? आणि तुपाचं मडकं पाण्यात फुटलं, खापऱ्या बुडाल्या, तूप वर आलं. आता "तुपा, बुड" म्हणून कितीही आळवलं तर ते बुडेल?

माणसाची करणी दगडासारखी असेल तर प्रार्थनेने ती तरंगत नाही, आणि तुपासारखी असेल तर कुणाच्या शापाने बुडत नाही. नव्या माणसाने पहिल्या दिवशी एवढं डोक्यात घेतलं तर पुढचे बरेच घोळ टळतात. मूर्तीतले बुद्ध ऐकत बसलेले नाहीत. त्यांचं महापरिनिर्वाण झालेलं आहे. नवस फेडून घ्यायला समोर कुणी नाही.

मग आपल्यातले काही हुशार लोक लगेच म्हणतात, "म्हणजे वंदनाबिंदना सगळं थोतांड. पुस्तक वाचा, पुरे." मीही चार-पाच वर्षं असंच म्हणत होतो, म्हणून या मंडळींवर रागावता येत नाही. पण पालीत 'सद्धा', म्हणजे श्रद्धा, नावाची गोष्ट आहे, आणि ती प्रज्ञेच्या जोडीला ठेवलेली आहे. दोन्ही सारख्या जोराच्या हव्यात. 'विसुद्धिमग्ग' या जुन्या पाली ग्रंथात त्याचे कर्ते बुद्धघोष म्हणतात की सद्धा जास्त आणि प्रज्ञा कमी असेल तर माणूस भलत्याच ठिकाणी विश्वास टाकतो. प्रज्ञा जास्त आणि सद्धा कमी असेल तर तो नुसता चलाख होतो, आणि औषधानेच झालेल्या आजारासारखा बरा करायला अवघड जातो. हे दुसरं वाचलं तेव्हा मला माझाच चेहरा दिसला.

बाबासाहेबांकडे बघा. त्यांच्याइतका चिकित्सक माणूस शोधून सापडणार नाही. पण 25 डिसेंबर 1954 ला देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्तीची स्थापना त्यांनीच केली. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला महास्थवीर चंद्रमणींकडून त्रिसरण-पंचशील घेतल्यावर त्यांनी आणि त्यांच्या पत्नी माईसाहेबांनी मूर्तीपुढे तीनदा वाकून पांढरी कमळं वाहिली. 'बौद्ध पूजा पाठ' ही पुस्तिकाही त्यांनीच तयार केलेली. ज्यांनी धम्मदीक्षेच्या वेळी दिलेल्या 22 प्रतिज्ञांत अवतारवाद, पिंडदान सगळं नाकारलं, त्यांनी वंदना मात्र ठेवली.

जागा आणि वेळ

हे सोपं आहे. घरातला एक कोपरा, बसल्यावर आपल्या डोळ्यांच्या जरा वर येईल अशा उंचीवर बुद्धांची मूर्ती किंवा फोटो, शेजारी बाबासाहेबांचा फोटो. समोर फूल, मेणबत्ती, अगरबत्ती. एवढंच. महागडी मूर्ती आणायची गरज नाही. आपल्याच डोंगरांत बघा: भाज्याच्या लेण्यांतल्या चैत्यगृहात मूर्ती नाहीच, नुसता स्तूप आहे, आणि इसवी सनाच्या आधीपासून लोक त्याला प्रदक्षिणा घालत आले. मूर्ती नसली तर स्तूपाचा फोटो ठेवा, काही अडत नाही.

अगरबत्तीखाली ताटली मात्र ठेवा. आमच्या कपाटाच्या सनमायकावर अजून एक काळा ठिपका आहे, तो माझ्या पहिल्या आठवड्यातल्या भक्तीचा.

वेळ ठरलेली हवी. सकाळी अंघोळीनंतर किंवा संध्याकाळी दिवे लावताना. सावकाश म्हटली तरी छोटी वंदना दहा मिनिटांत होते. फोन दुसऱ्या खोलीत.

पायरी पहिली: नमन आणि त्रिसरण

गुडघ्यांवर बसा. दोन गुडघे, दोन तळहात आणि कपाळ जमिनीला टेकवून तीनदा नमस्कार. याला पंचांग प्रणाम म्हणतात. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसून हात जोडलेले चालतात. विहारात कुणी नाक मुरडलं तर मुरडू द्या.

मग तीनदा: नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासम्बुद्धस्स. त्या भगवान, अर्हत, स्वतः सम्यक ज्ञान मिळवलेल्यांना नमस्कार.

पुढे: बुद्धं सरणं गच्छामि, धम्मं सरणं गच्छामि, संघं सरणं गच्छामि. मग हेच दुतियम्पि, म्हणजे दुसऱ्यांदा, आणि ततियम्पि, तिसऱ्यांदा. तीनदा का, असं मुलं विचारतात. माझ्यापुरतं सांगतो: पहिल्यांदा म्हणताना माझं मन गॅसवर ठेवलेल्या दुधापाशी असतं. ततियम्पिपर्यंत ते कसंबसं कोपऱ्यात येऊन पोचतं.

आता थांबा आणि क्रियापद बघा. गच्छामि, जातो. पुढे येतील ती समादियामि, पूजेमि, वन्दामि. सगळी 'मी'ची. मी जातो, मी घेतो, मी पूजतो, मी वंदन करतो. 'दे', 'कर', 'पाव' यातलं काही नाही. ज्याला वंदनेचा अर्थ नुसत्या व्याकरणातून पकडायचा आहे त्याने या चार शब्दांकडे बघावं.

मराठीत 'शरण जाणे' म्हटलं की हार मानल्यासारखं वाटतं, म्हणून काहींना ते खटकतं. पालीतलं सरण म्हणजे आसरा, पावसात ज्या वळचणीखाली उभं राहावं ते.

पायरी दुसरी: पंचशील

पाच ओळी, प्रत्येकीचा शेवट एकच: वेरमणी सिक्खापदं समादियामि. अमुक गोष्टीपासून दूर राहण्याचा नियम मी शिकण्यासाठी घेतो. प्राण्यांची हत्या, न दिलेलं घेणं, कामवासनेतला गैरवर्ताव, खोटं बोलणं, आणि बेसावध करणारी दारू व इतर नशा, ही ती पाच.

मधल्या शब्दावर बोट ठेवा: सिक्खापदं. हा शिकण्यासाठी घेतलेला पाठ आहे. पंचशील मोडलं म्हणून कुणी शाप देत नाही, पण मोडलं हे आपल्याला माहीत असतं. साहेबांना फोनवर "निघालोय, रस्त्यातच आहे" म्हणून सांगायचं आणि मग अंघोळीला जायचं, हे मुसावादातच, म्हणजे खोटं बोलण्यातच, येतं. संध्याकाळी मुसावादा वेरमणी म्हणताना ते आठवतं, आणि आठवलंच पाहिजे. म्हणून तर रोज म्हणायचं. पाचव्या शीलाशी येऊन आवाज पुटपुटता करणारे उपासक आमच्याकडे दोन-तीन आहेत. ते अजून येतात याचं मला बरं वाटतं.

पायरी तिसरी: फूल

इथे जरा रेंगाळू या, कारण इथेच लोक चुकतात. बाहेरून बघितलं तर हे देवाला फूल वाहण्यासारखंच दिसतं.

फूल हातात घ्या. मोगरा असो, जास्वंद असो, कुंडीतली सदाफुली असो. दोन्ही हातांनी वाहा आणि गाथा म्हणा. वण्णगन्धगुणोपेतं, म्हणजे रंग, गंध आणि गुण असलेली ही फुलं मी मुनिश्रेष्ठाच्या चरणी वाहतो, अशी ती सुरू होते. पुढच्या गाथेचा शेवट असा:

पुप्फं मिलायाति यथा इदं मे, कायो तथा याति विनासभावं.

हे फूल जसं कोमेजतं, तशीच ही माझी काया नाशाकडे जाते.

बघा काय झालं. फूल वाहताना आपण आपल्या मरणाबद्दल बोललो. ज्या फुलाने काही मिळवायचं असतं ते फूल वाहताना असं कोण म्हणेल? मी नव्या माणसाला सांगतो, पहिल्या आठवड्यात संध्याकाळचं फूल उचलू नको. दुसऱ्या दिवशी बघ. पाकळीची कड तपकिरी झालेली असते, देठ मऊ पडलेला असतो, वास बदललेला असतो. मग तेच फूल बघत ती ओळ पुन्हा म्हण. नव्या कोऱ्या फुलासमोर म्हटलेली ओळ आणि शिळ्या फुलासमोर म्हटलेली ओळ यांत किती अंतर आहे ते तुझं तुला कळेल. हे कुणी समजावून सांगायची गोष्ट नाही. शिळं फूल नंतर कुंडीच्या मातीत.

मेणबत्तीची गाथा अंधार घालवणाऱ्या दिव्याची आणि तिन्ही लोकांचा दीप असलेल्या बुद्धांची. धूपाची गाथा सुगंधाची. त्या अर्थासकट पाठ करा.

याच ठिकाणी अजिंठ्याचं 26 नंबरचं लेणं आठवतं. आत गेल्यावर डावीकडच्या भिंतीवर उजव्या कुशीवर पहुडलेले भव्य बुद्ध आहेत, महापरिनिर्वाणाच्या क्षणीचे. दोन सालवृक्षांमधली ती जागा. महापरिनिब्बानसुत्तात म्हटलंय की त्या वेळी ऋतू नसताना साल फुलले आणि बुद्धांच्या अंगावर फुलं पडू लागली. त्यावर ते आनंदाला म्हणाले की तथागताचा, म्हणजे बुद्धांचा, खरा सन्मान याने होत नाही; जो भिक्खू, भिक्खुणी, उपासक वा उपासिका धम्माप्रमाणे वागते तीच तथागताची परम पूजा करते. परंपरेत या दोहोंना नावं आहेत: वस्तू वाहणं ती आमिसपूजा, वागणं ती पटिपत्तिपूजा. म्हणून वंदनेत ती ओळ येते, इमाय धम्मानुधम्मपटिपत्तिया बुद्धं पूजेमि. धम्मानुसार वागण्याच्या या आचरणाने मी बुद्धांना पूजतो. फूल वाहून झाल्यावर ही ओळ म्हणताना दिवसभरातलं एक तरी वागणं समोर आणा. नसेल आठवत तर तसंच गप्प बसा. गप्प बसण्याचाही उपयोग होतो.

पायरी चौथी: गुण आठवणं

इतिपि सो भगवा... ही बुद्धवंदना. नऊ गुण येतात: अरहं, सम्मासम्बुद्धो, विज्जाचरणसम्पन्नो, सुगतो, लोकविदू असे. विज्जाचरणसम्पन्नो, ज्ञान आणि आचरण दोन्ही असलेला. माझा आवडता हाच. धम्माचे सहा गुण, त्यात एहिपस्सिको, म्हणजे 'या आणि बघा' असं ज्याबद्दल म्हणता येतं तो. मग संघाचे नऊ. ही स्तुती कुणाला खूश करण्यासाठी नाही. ज्या गोष्टीकडे रोज बघतो तिच्याकडे मन वळतं, एवढा साधा हिशोब.

उच्चारांबद्दल दोन शब्द, कारण मराठी जिभेला पाली सोपी वाटते आणि तिथेच ती फसवते. पालीत श नाही. 'शरणं' नव्हे, सरणं. 'शिक्खापदं' नव्हे, सिक्खापदं. शेवटचा अ खाऊ नका: 'तस्स्' नव्हे, तस्स. आणि च हा 'चहा'तला, 'चांगला'मधला नव्हे. बाकी सूर विहारात ऐकून येतो. यूट्यूबवरची संगीत लावलेली वंदना झोपताना ऐकायला छान आहे, शिकायला नाही.

पायरी पाचवी: मैत्री, आणि थोडं गप्प

सब्बे सत्ता सुखी होन्तु: सगळे जीव सुखी होवोत. इथे पहिल्यांदा इच्छा आली, पण आपल्यासाठी नाही. आधी घरचे, मग शेजारी, मग ज्याच्याशी पार्किंगवरून भांडण झालंय तो. त्याचं नाव येताच घसा आवळतो. तिथेच थांबून दोन श्वास घ्या, मग म्हणा. त्यानंतर दोन-तीन मिनिटं श्वासाकडे लक्ष देत गप्प बसा. ही मिनिटं बरेच जण गाळतात आणि पुस्तिका मिटून उठतात.

शेवटी भवतु सब्ब मंगलं येतं, आणि लगेच रक्खन्तु सब्ब देवता. इथे चाणाक्ष नवखा मला पकडतो: "सर, देवता?" पाली साहित्यात देव आहेत, पण तेही जन्ममरणात अडकलेले, बुद्धांना ऐकायला येणारे. मी ओळ शुभेच्छा म्हणून म्हणतो. कुणाला ती 22 प्रतिज्ञांशी जुळत नाही असं वाटत असेल तर त्याने त्या ओळीला गप्प राहावं. सब्ब मंगलं त्यावाचून अडत नाही. अखेर तीनदा साधु.

विहारात गेल्यावर

घरी महिनाभर जमलं की रविवारी किंवा पौर्णिमेला विहारात जा. पांढरे कपडे असतील तर उत्तम. भंते, म्हणजे भिक्खू, असतील तर तीनदा वंदन करून बाजूला बसा. नसतील तर बौद्धाचार्य, म्हणजे विधी चालवणारे गृहस्थ, किंवा एखादे ज्येष्ठ उपासक वंदना घेतात.

भंतेंकडून शील घेताना एक गाथा आहे आणि तिच्यात चक्क 'याचामि' येतं. मी याचना करतो. अखेर मागणं सापडलं! पण काय मागतोय? तिसरणेन सह पंचसीलं, त्रिसरणासह पंचशील. सीलं देथ मे भन्ते, मला शील द्या. भंते म्हणतात, मी म्हणतो तसं म्हणा, आपण म्हणायचं, "आम भन्ते." संपूर्ण विधीत एकच गोष्ट मागायची आणि तीही मिळाल्यावर आपणच सांभाळायची.

वर्षावासात, म्हणजे भिक्खू एका जागी राहतात त्या पावसाळ्यात, आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, बहुतेक विहारांत संध्याकाळी बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन असतं. नवख्याने सुरुवात करायला यासारखा काळ नाही. वंदना, वाचन आणि ओळखीपाळखी तिन्ही होतं. चहाही.

हमखास येणारे प्रश्न

इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलेले विचारतात की तिथे तर अगरबत्ती, जप, पूजा सगळं थांबवायला सांगतात. हो, शिबिरापुरतं, पद्धतीत सरमिसळ होऊ नये म्हणून. पण सुरुवातीला त्रिसरण आणि शील तिथेही घ्यावंच लागतं.

दुसरं, वरळीच्या जपानी मंदिरात ढोल वाजवत 'नमु म्योहो रेंगे क्यो' म्हणतात, तिबेटी लोक माळ ओढत 'ॐ मणि पद्मे हूं' हा मणिमंत्र म्हणतात, जपानातच काही पंथ अमिताभ बुद्धांचं नाव घेतात आणि त्यांच्या करुणेवर सगळं सोपवतात. हे काय? हेही बौद्धच आहेत, वाट वेगळी आहे. तिथे भक्तीला आपल्यापेक्षा मोठी जागा आहे. आपण पाहुणे म्हणून गेलो तर हात जोडावेत, घरी आपली वंदना म्हणावी. पहिल्या वर्षात चार पद्धतींची भेळ करू नये, इतकंच.

तिसरं, घरात कुणी गेलं तर? तेरावं नाही, पिंड नाही. पुण्यानुमोदन आणि जलदान असतं. नातेवाईक मिळून पाण्याची धार भांड्यात सोडतात आणि केलेल्या चांगल्या कामाचं पुण्य गेलेल्याच्या नावे अर्पण करतात. रडू येतंच, त्याला मनाई नाही.

चौथा प्रश्न सगळ्यात खरा: भीती वाटली तर? तेव्हाही काही मागायचं नाही? धजग्गसुत्तात बुद्ध भिक्खूंना सांगतात की रानात, झाडाखाली, एकांतात भीतीने अंगावर काटा आला तर माझे गुण आठवा. तेच, इतिपि सो.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या मावशींचं गेल्या वर्षी पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. आदल्या रात्री मला बोलावून विचारलं, "मी तर साईबाबांना म्हणत आलेय जन्मभर. तुमच्यात आता काय म्हणू?" मी म्हटलं, जे येतं ते म्हणा, पण इतिपि सो म्हणून बघा, एकेक शब्द श्वासाबरोबर. चार दिवसांनी त्या घरी आल्या. मी विचारलं, म्हटलंत का? "म्हटलं की. लोकविदूपर्यंत पोचले होते, मग त्या पोराने नाकाला मास्क लावला. पुढचं काय होतं रे, अनुत्तरो ना?"